पोतनीसकाकांचं त्रिनिदाद

पोतनीसकाकांमुळे मी आयुष्यात एकदाच एक स्पर्धा जिंकले आणि त्या विजयानं माझा अख्खा दिवस नासला. इथे ॲन आर्बरला हिवाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून आमच्या ऑफिसात दुपारी प्रश्नमंजूषा ठेवतात. जगातलं सगळ्यात मोठं नैसर्गिक डांबराचं तळं कुठे आहे, असा प्रश्न आला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “त्रिनिदाद. ला ब्रेया गावाजवळ. त्यावर चालता येतं आणि खणलेला खड्डा हळूहळू आपोआप भरून येतो.” टाळ्या झाल्या. कॉफीचा एक मग मिळाला. मॅनेजरबाईंनी विचारलं, “तू त्या तळ्यावर गेली होतीस?” मी म्हटलं, “नाही. आणि ज्यांनी मला हे सांगितलं, तेही गेले नव्हते.”

तो मग मी पेनं ठेवायला वापरते. त्यात चहा प्यायची माझी इच्छा होत नाही.

पोतनीसकाका म्हणजे सुधाकर पोतनीस. शुगर लँडला, ह्यूस्टनच्या त्या घामट उपनगरात, आम्ही एकाच इंजिनिअरिंग कंपनीत होतो. ते माझ्याहून पुष्कळ सीनियर. गॅसच्या धंद्यात असल्यामुळे कंपनीनं त्यांना ऐन उमेदीच्या काळात काही महिने त्रिनिदादला एका कारखान्याच्या कामावर पाठवलं होतं. माणसं काशीला जाऊन आल्यावर जशी गंगेचा गडू जन्मभर जपतात, तसे काकांनी ते काही महिने जपले. फरक एवढाच, की काशीला गेलेला माणूस निदान गंगेत उतरलेला असतो. काका तिथे कंपनीच्या बंगल्यात राहिले, कंपनीच्या गाडीतून कारखान्यात गेले आणि कंपनीच्या गाडीतून परत आले. जाताना कुकर, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घेऊन गेले होते. “बाहेरचं पाणी बाधतं” म्हणून त्यांनी शहाळंसुद्धा प्यायलं नाही, हे मला त्यांच्या बायकोनं, शुभाकाकूंनी सांगितलं. कारखान्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रात उभं असलेलं एक देऊळ आहे. ऊसवाल्या कंपनीनं आपल्या जमिनीवरचं देऊळ पाडलं, तेव्हा एका मजुरानं एकट्यानं भर घालत घालत ते पाण्यात बांधलं. ही गोष्ट काका इतकी रंगवून सांगत की ऐकणाऱ्यानं हातातला घास खाली ठेवावा. काकांनी ते देऊळ पाहिलं नव्हतं. “रविवारी कंपनीची गाडी मिळायची नाही ना,” असं त्याचं कारण.

तरी त्रिनिदादवर बोलायचा हक्क टेक्सासभरात फक्त त्यांचाच होता. सुरुवात ठरलेली असे. उजव्या हाताचं बोट वर आणि “तुम्हाला माहीत आहे का?” तुमच्या तोंडात गुलाबजाम जाईपर्यंत ते थांबत, म्हणजे तुम्हाला “हो” म्हणायची सोय उरत नसे. चुकून कुणी म्हणालंच, “हो काका, मागच्या वेळी सांगितलंत,” तर म्हणत, “पूर्ण नसेल माहीत.” मग पूर्ण सांगत. तेलाच्या पिंपांपासून वाद्य बनवणारा तोच देश. खेकडे आणि कोळंबी खाऊन लालभडक होणारा पक्षी तिथलाच. काठीखालून मागे वाकत जायचा नाच तिथला, आणि टाळू भाजून काढणारी मिरचीही तिथलीच. एवढ्याशा बेटावर एवढ्या गोष्टी आहेत याचं श्रेय कुठेतरी आपल्याला मिळावं, असा त्यांचा चेहरा असे.

माझी त्यांची पहिली भेट कंपनीच्या कँटीनमध्ये झाली. मी नवीन होते. परदेशात मराठी माणूस भेटला की आपल्याकडे एक तपास चालतो, तो ज्यांनी भोगलाय त्यांनाच कळेल. आधी नाव. मग “पूर्ण नाव?” मग गाव. मग गावात कुठला भाग. मग वडील काय करायचे. सगळे रस्ते फिरून फिरून आडनावाशी येतात. मी पहिल्याच प्रश्नाला सगळं एकदम सांगून टाकलं, म्हणजे बिचाऱ्यांचे कष्ट वाचतील. “मेश्राम. नागपूर. वडील रेल्वेत होते.”

काकांनी डब्यातल्या वरणाकडे पाहिलं. मग त्यांचं बोट वर आलं.

“नागपूर! अरे वा! संत्री! तुम्हाला माहीत आहे का, त्रिनिदादमध्ये संत्रं पिकलं तरी हिरवंच राहतं. ॲक्च्युअली, तिथे रात्रीसुद्धा पुरेशी थंडी पडत नाही ना.”

त्या दिवसानंतर त्यांनी माझं आडनाव कधी उच्चारलं नाही. मला ते ‘नागपूर’ म्हणत. “काय नागपूर, कसं काय?” आम्ही बौद्ध आहोत हे मी कधी लपवलं नाही आणि कधी मिरवलंही नाही. काका तर आमच्या घराण्याची वेगळी चौकशी न करता थेट फळबागेत शिरले. माणूस अडचणीत सापडला की कुणी देवाचं नाव घेतं, कुणी खोकतं. पोतनीसकाका त्रिनिदादला जात.

शुभाकाकू मात्र वेगळ्या. त्यांच्याशी माझी मैत्री झाली ती गाडीमुळे. इतकी वर्षं अमेरिकेत राहून काकूंना गाडी चालवता येत नव्हती, कारण काका शिकवायचे. म्हणजे शेजारी बसून पायाखालचं कारपेट ब्रेकसारखं दाबायचे आणि “शुभा! शुभा!” असं ओरडायचे. मी त्यांना शिकवलं. वाण्याकडे, लायब्ररीत, देवळात जाण्याइतकं त्यांना छान जमायला लागलं. फ्रीवेवर मात्र त्या कधी गेल्या नाहीत. चढायच्या रॅम्पपाशी आलं की त्यांना शेजारच्या रिकाम्या सीटवरून “शुभा!” ऐकू यायचं. ह्यूस्टनमध्ये फ्रीवे न चालवणारी बाई म्हणजे नवऱ्याच्या ताब्यातली बाई, हे तिथे राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मंडळाच्या गणपतीला मी जायची. मी गणपती मानत नाही. पण आठवडाभर इंग्रजी झोडल्यावर मराठी ऐकायला मिळे, आणि काकू बोलवायच्या. एका वर्षी काकांचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय तुम्ही ओळखला असेलच. त्यात त्यांनी जहाजींची गोष्ट सांगितली. इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून करारानं मजूर नेले. कलकत्त्याहून जहाज निघालं की महिनोन्‌महिने समुद्र. एकाच पिंपातलं पाणी आणि एकाच कढईतलं जेवण. कोण कुठला हे बघायला कुणाला त्राणच नव्हतं. जहाजातून उतरले तेव्हा ते एकमेकांचे जहाजी भाई झाले होते. पुढे त्यांनी हे नातं रक्ताच्या नात्यासारखं पाळलं. एका जहाजातून आलेल्यांच्या मुलामुलींची आपसात लग्नंसुद्धा लावत नसत, कारण ती भावंडंच.

“जात!” काका कापऱ्या आवाजात म्हणाले, “शेकडो वर्षांची जात, मित्रहो, समुद्रात बुडाली! व्हॉट अ ब्यूटिफुल फॅक्ट!”

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी खोटं सांगणार नाही, माझ्याही अंगावर काटा आला. हॉल टाळ्यांनी दणाणला. मग नैवेद्याची वेळ झाली. मी काकूंच्या मदतीला आत गेले, तर पाठोपाठ काका आले, डोळे पुसतच. माझ्या हातातलं मोदकांचं ताट हळूच काढून घेत म्हणाले, “हे राहू दे, नागपूर, नैवेद्याचं आपले घरचे बघतील. तू असं कर, पेपर प्लेट्स आणि पाण्याच्या बाटल्यांचं बघ. यू आर सो ऑर्गनाइज्ड!”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. पण पाषाण निदान गप्प असतो.

मी विचारलं, “काका, तुम्ही इकडे कशानं आलात? जहाजानं?”

“छे छे, विमानानं!”

“तरीच,” मी म्हटलं आणि प्लेट्स मांडायला गेले. काकूंना कळलं. त्या पाठ फिरवून गॅसशी काहीतरी खुडबुड करत राहिल्या. काकांना कळलं नाही. त्यांनी मला विमानतळाची एक माहिती सांगितली.

अशा माणसाच्या मुलीनं त्रिनिदादचा मुलगा निवडावा, याला मी नशिबाची थट्टा म्हणणार नाही. नशीब इतकं हजरजबाबी नसतं. सायली हॉस्पिटलात अकाउंट्समध्ये होती, केव्हिन रामलोचन तिथेच फिजिओथेरपिस्ट. तो लहानपणी चगुआनास गावातून ह्यूस्टनला आलेला. आई-वडील गेलेले. आजीनं वाढवला, आणि आजी त्याच्याबरोबरच राहत होती. तिकडे वडिलांच्या आईला ‘आजी’च म्हणतात, अगदी आपल्यासारखं. सायलीला याचं फार अप्रूप. “काकू-मावशी लोकांना सांगितलं तर बिलीव्हच करत नाहीत,” ती मला म्हणाली होती.

मला वाटलं, काका आकांडतांडव करतील. कसलं काय! ते हरखले. मुलीच्या सासरविषयी आपल्याला आधीच सगळं माहीत आहे, हा आनंद लग्नाच्या आनंदाहून मोठा होता. आजीबाई आणि केव्हिन जेवायला येणार ठरलं तेव्हा काकूंनी मला फोन केला, “तू पण ये गं. तू असलीस की हे जरा आवरतात.” ते मला बघून कधी आवरले होते, हे मला आठवत नव्हतं. पण मी गेले.

आजीबाई ठेंगण्या, काटक. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि डोक्यावर ओढणी. बेटावरचं ते हेलकाव्याचं इंग्रजी बोलत होत्या. काकूंनी पुरणपोळी केली होती. आजीबाईंनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “ही तर आमची धालपुरी. हिच्यात साखर कुणी सांडली?” काकू इतक्या मोकळ्या हसल्या की मी बघतच राहिले.

काकांचं बोट वर आलं. “तुम्हाला माहीत आहे का, धालपुरीत जी डाळ असते ना...”

पुढचा अर्धा तास त्यांनी आजीबाईंना आजीबाईंचा देश समजावून सांगितला. डांबराचं तळं, लाल पक्षी, पिंपांचं वाद्य. जन्म तिथे काढलेल्या बाईला! आजीबाई मान हलवत “असं होय?” म्हणत होत्या. केव्हिन टेबलाखाली सायलीचा हात धरून हसू दाबत होता. मला वाटलं, चला, ह्या वेळी पार पडलं. पण काका जहाजींपाशी आले. बुडालेल्या जातीची गोष्ट त्यांनी पुन्हा तितक्याच कळवळ्यानं सांगितली. सांगून झाल्यावर पाणी प्यायले आणि खुर्ची जरा पुढे ओढून, अगदी सहज विचारावं तसं इंग्रजीत विचारलं, “मग तुमचं घराणं मूळचं कोण?”

आजीबाई म्हणाल्या, “जहाजी.”

“हो हो, ते उतरल्यावर. चढताना कोण होते?”

काकू म्हणाल्या, “अहो, पोळी वाढू का?” काकांनी हातानं त्यांना थांबवलं.

आजीबाईंनी ताटातला उरलेला तुकडा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, “चढताना? भुकेले होते.”

कुठलाही शहाणा माणूस इथे उठून हात धुवायला गेला असता. काका हसले. “नाही, नाही, तसं नाही. जस्ट आउट ऑफ इंटरेस्ट. महाराज वगैरे आडनाव असतं तिकडे, ते ब्राह्मण असतात. तुमचं रामलोचन, त्यावरून काही पत्ता लागत नाही.”

“महाराज?” आजीबाई म्हणाल्या. “तेव्हा ते सोपं होतं. जहाजावर बसताना कुणीही असायचा, उतरताना महाराज. गोरा साहेब सांगाल ते लिहायचा. माझ्या आज्याला बिचाऱ्याला ते सुचलं नाही.”

केव्हिनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. सायली उभी राहिली. “बाबा, स्टॉप. प्लीज.”

“अगं, मी काय वाईट विचारलं? आय ॲम आस्किंग अ फॅक्ट!”

“तुम्ही आजींना सॉरी म्हणा.”

“कशाबद्दल?”

“बाबा, आत्ता म्हणा. नाहीतर मी या घरात परत येणार नाही. आय मीन इट.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा गोंधळ होता. इतक्या वर्षांत मला त्यांचा राग आला, हसू आलं. त्या दिवशी मला त्यांची किळस आली, आणि त्याच वेळी हा माणूस आता बुडतोय हेही दिसलं. एक शब्द म्हणायचा होता. सगळं टेबल त्या शब्दाची वाट बघत होतं, आजीबाईसुद्धा. काका म्हणाले, “तुम्हाला माहीत आहे का, त्या जहाजांवर...”

सायलीनं आजीबाईंचा हात धरला आणि तिघं निघून गेली. जाता जाता आजीबाई काकूंना म्हणाल्या, “पोळी छान होती, बेटी.”

लग्न चगुआनासला ठरलं, आजीबाईंच्या तिकडच्या जुन्या घरी. सायलीनं निरोप पाठवला, की बाबांनी आजीची माफी मागावी आणि यावं. तोवर ती त्यांच्या घराचा उंबरठा चढणार नाही. आणि इथे पोतनीसकाकांनी त्यांच्या आयुष्यातला सर्वांत चोख विनोद केला. अर्ध्या टेक्सासला त्रिनिदाद दाखवणारा हा माणूस, त्रिनिदादला जाऊ शकत होता तेव्हा गेला नाही. “तिकडे डेंग्यू असतो,” म्हणाले. मग “हवा मानवत नाही.” मग नुसतंच “बघू.” शेवटी काकू आणि मी निघालो. काकांनी आम्हाला विमानतळावर सोडलं. काकूंच्या बॅगेत त्यांनी स्वतः मेतकूट आणि भाजणी भरली होती. काकूंनी उतरताना विचारलं, “सायलीला काय सांगू?”

काका स्टिअरिंगकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सांग... म्हणजे तुम्हालाही उपयोग होईल. तिथले प्लग आपल्यासारखेच आहेत. ॲडॅप्टर लागत नाही.”

आत सुरक्षा तपासणीच्या रांगेत काकू रडल्या. मी त्यांची बॅग माझ्या हातात घेतली. तोंडावर आलेलं त्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं.

तिकडच्या लग्नाबद्दल मी फार सांगत नाही. मी दुसरी पोतनीसकाका व्हायला तयार नाही. शुक्रवारी संध्याकाळी, तिथल्या लग्नाच्या रिवाजाप्रमाणे, बायका ढोल वाजवत माती खणायला गेल्या आणि असल्या नाचल्या, की काकूंनी आधी तोंडावर पदर घेतला आणि मग पदर खोचून त्यांच्यात शिरल्या. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली स्वयंपाकाला बसली. कांदा कोण चिरतंय, कढईत उलथनं कोण घालतंय, कुणी बघितलं नाही. मला एका बाईनं न विचारता भोपळा आणि सुरी दिली. नैवेद्याचं ताट काढून घेणाऱ्या हातांची मला तेव्हा आठवण झाली. भोपळा मी फार जोरात चिरला.

रविवारी मांडवात पंडितजींनी विचारलं, “मुलीचे वडील?” काकू जमिनीकडे बघत होत्या. सायलीनं ओठ घट्ट मिटले होते. आजीबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या, “मुलीच्या आईबरोबर कोण आलंय?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“एकाच विमानातून आलात ना? मग ही तिची जहाजीण. हिला बसवा.”

मी म्हटलं, “आजी, मी बौद्ध आहे. आणि मुलगी दान-बिन करायच्या गोष्टी मला पटत नाहीत.”

“दान तिची आई करेल की नाही ते तिचं ती बघेल. तू नुसती शेजारी बस. बसायला काय लागतं?”

मी बसले. काकूंनी माझा हात असा धरला की बांगडी मनगटात रुतली. काकांनी हॉलभर लोकांना रडवत सांगितलेली ती गोष्ट खरी होती. ती त्यांनी सांगितली होती, एवढंच तिचं दुर्दैव.

परत आल्यावर काकांनी मला गाठून विचारलं, “जेवायला पानावर वाढतात ना? रुंद पानावर?” मी “हो” म्हटलं. “माहीत होतं मला,” ते म्हणाले. सायली कशी दिसत होती, हे त्यांनी विचारलं नाही. काकूंच्या फोनवरचा लग्नाचा व्हिडिओ मात्र ते रोज बघतात असं कळलं. मग पुढच्या गणपतीत, प्रसादाच्या वेळी त्यांचं बोट वर आलं. “तुम्हाला माहीत आहे का, त्रिनिदादमध्ये लग्नाला नवरीचे वडील हजर नसले, तर प्रवासात बरोबर आलेलं माणूस त्यांच्या जागी बसतं. व्हेरी इंटरेस्टिंग कस्टम!” नवीन आलेल्या एका पोरसवदा जोडप्यानं कौतुकानं माना हलवल्या. काकूंनी प्रसादाची परात तिथेच ठेवली आणि त्या बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा आवाज जराही हलला नव्हता. आपल्याच पोरीच्या लग्नातली आपली रिकामी जागा हा माणूस माहिती म्हणून वाटत होता. नाकानं कांदे सोलणारे मी पुष्कळ पाहिले, पण हे कांदे सोलताना ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, असा हा एकच.

त्यानंतर लवकरच मला ॲन आर्बरची नोकरी मिळाली. निघण्याआधीच्या शनिवारी मी काकूंचा निरोप घ्यायला गेले, तो त्यांच्या घरी नाही, तर ह्यूस्टनच्या नैऋत्येला असलेल्या एका त्रिनिदादी रोटीच्या दुकानात. सायली आणि काकू दर शनिवारी तिथे भेटत. केव्हिन आणि आजीबाईही असत. दुकान फ्रीवेपलीकडे. म्हणजे काकूंना कुणीतरी न्यायला हवं. आणि ते कुणीतरी काका होते. ते दर शनिवारी काकूंना दारात सोडत, समोरच पार्क करत आणि त्यांचं होईस्तोवर गाडीत एसी लावून बसून राहत. दुकानाला सगळी दर्शनी काच. आतून ते दिसत, त्यांना आतले दिसत.

टेबलाशी पाच खुर्च्या होत्या. चारच भरलेल्या. माझ्यासाठी केव्हिननं शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून आणली. पाचवीकडे त्यानं हातही नेला नाही. मी बघितलं तशी सायली म्हणाली, “ती बाबांची.” तिचा आवाज कोरडा होता, पण ती सारखी काचेकडे बघत होती. पोरगी बापाहून हट्टी होती आणि बापाहून कितीतरी जास्त दमलेली होती.

निघताना आजीबाईंनी माझ्या हातात कागदाची गरम पुडी दिली. आत डबल्स होते. तळलेल्या दोन मऊ पुऱ्यांमध्ये छोल्यांचा रस्सा घालतात, तो पदार्थ. “त्या गाडीतल्या माणसाला दे. मिरची कमी घातलीय.” त्या दर शनिवारी पाठवत. दर शनिवारी ती पुडी घरी जाईपर्यंत डॅशबोर्डवर थंड होते, असं काकू म्हणाल्या.

बाहेर उकाड्यानं अंग चिकट झालं. मी काचेवर टकटक केली. काच खाली आली.

“काय नागपूर! निघालीस म्हणे.”

“हो. हे आजींनी पाठवलंय.”

त्यांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. बोट वर आलं, पण अर्धंच. “तुम्हाला माहीत आहे का, याला डबल्स का म्हणतात...”

“खाऊन बघा, काका.”

“घरी गेल्यावर खाईन.”

“आत चला. गरम मिळेल. काही भाषण करायचं नाहीये. आजींसमोर जायचं आणि सॉरी म्हणायचं. इंग्रजीत म्हणा, मराठीत म्हणा. त्या बाईंनी मनात काही ठेवलेलं नाही. तुमची खुर्ची ठेवलीय त्यांनी. सायली सारखी इकडेच बघतेय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, दुकानाच्या काचेवर होती. आत सायली काहीतरी ऐकून हसत होती आणि हसता हसता तिनं पुन्हा बाहेर बघितलं. काकांच्या मांडीवर पुडीच्या कागदातून तेल उतरत होतं.

“माहीत आहे मला,” पोतनीसकाका म्हणाले. “मला सगळं माहीत आहे.”

आणि त्यांनी काच वर केली.